नॉर्मलचा शिक्का

"एकतीस नंबर. मोहिनी बजरंग!"

आशाताई केशरनं यादीतलं नाव पुकारलं आणि वनमाला सिस्टरचा रबरी फुगा दाबणारा हात थांबला. समोर स्टुलावर तीस नंबरची बाई दंडाला पट्टा बांधून बसली होती. पट्टा हवेनं टम्म फुगलेला होता.

"सिस्टर, सोडा की. बोटं काळीनिळी व्हायलीत."

"अगं हो हो, सोडते." वनमालानं घाईघाईनं हवा सोडली. काटा सर्रकन खाली आला आणि तो कुठे थरथरला ते बघायचंच राहून गेलं. "जरा दम धर. परत बघावं लागतंय."

"आता कशाला परत? नॉर्मल असंल की."

"असंल म्हणून चालत नाही," वनमाला म्हणाली आणि आपलाच आवाज ऐकून तिला कसंतरी झालं.

मोरदऱ्याच्या शाळेच्या व्हरांड्यात तपासणी चालली होती. पाडवा होऊन आठवडा झाला होता, ऊसतोडीला गेलेल्या टोळ्या गावात परतल्या होत्या, आणि परतलेल्या बायांची तपासणी करा असा वरून आदेश होता. दहा वाजताच पत्रे तापले होते. सकाळपासून वनमाला प्रत्येकीच्या दंडाला पट्टा बांधत होती, कानाला नळी लावत होती, आकडा लिहीत होती. केशर तर चाटच पडली होती. एवढा वेळ एकेका बाईला दिलेला तिनं बारा वर्षांत पाहिला नव्हता.

"मोहिनी बजरंग!" केशरनं दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा.

कुणी उठलं नाही. ती आली नाही हे बघून वनमालाला आधी सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची लगेच लाज वाटली. सकाळी यादी हातात घेतल्यापासून तिची नजर एकतीस नंबरवर जाऊन जाऊन परत येत होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही खोटं नाही.

मोहिनीच्या ऐवजी तिची सासू पुढं आली. भामाबाई. काटक बाई, पंचवीस हंगाम ऊस तोडलेली, बोलायला फटकळ. तिनं कमरेची पिशवी सोडली, त्यातून प्लास्टिकची घडी काढली आणि घडीतून तपासणीचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं.

"सून न्हाई येणार. तिला आता तपासून काय करायचंय? आज तिच्या बापाच्या हवाली करायची हाय तिला. दिंद्रुडाहून यायलाय त्यो. चार वाजता आमच्या अंगणात बैठक हाय."

"हवाली म्हणजे?"

"म्हंजी कायमची." भामाबाईनं कार्डावर बोट टेकवलं. "हे बघा सिस्टरबाई. जायच्या आधी तुमीच तपासलं व्हतं का न्हाई? सिक्का तुमचाच न्हवं? सरकार म्हणतंय पोरगी ठणठणीत, मंग आठव्या म्हैन्यात पोटातलं लेकरू कावून गेलं? हिनंच ग्रहणात कोयता चालवला. मी कोपीतून वरडत व्हते, गपचिप बस म्हणून. आयकलं न्हाई. आता तिचा बाप म्हणंल, पोरगी आधीच आजारी व्हती, तुमी कामाला जुपली. म्हणून म्हणलं, सिक्क्याचं इचारून घ्यावं. तुमचाच हाय न्हवं?"

जांभळ्या शाईचा तो लांबट शिक्का अजून ताजा दिसत होता. पाच महिने उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत राहून आला होता, पण एक अक्षर पुसलं नव्हतं. भामाबाईनं फार जपला होता.

"माझाच आहे," वनमाला म्हणाली.

"झालं तर मंग." भामाबाईनं कार्ड पुन्हा घडीत घातलं आणि समाधानानं निघून गेली.

वनमालाची नोकरी एकोणतीस वर्षांची. दोन वर्षांनी ती रिटायर होणार होती. त्यातली सोळा वर्षं मोरदऱ्यातच गेली. आसपासच्या चार वस्त्यांवर तिच्या हातावर जन्मलेली पोरं आता मोटारसायकली उडवत होती आणि तिला बघून ब्रेक मारत होती. ती कामचुकार नव्हती, पैसे खाणारी तर मुळीच नव्हती. तिच्याविषयी वाईट बोलणारा माणूस शोधायला दिवसा कंदील लावावा लागला असता.

आणि नॉर्मल हा शब्द मोरदऱ्यात तिनंच रुजवला म्हटलं तरी चालेल. ती आली तेव्हा लोक 'बरं हाय', 'ब्येस हाय' म्हणायचे. मग नॉर्मल डिलिव्हरी आली. कापाकापी न होता बाळंतीण सुटली की वनमाला बाहेर येऊन म्हणायची, "नॉर्मल झाली बरं का!" आणि बाहेर बसलेल्या पुरुषांचे चेहरे उजळायचे. असा गोड शब्द माणसं सोडतात होय? हळूहळू तो दवाखान्यातून निघाला आणि गावभर हिंडायला लागला. वडवणीची बस आली नाही, नॉर्मल हाय. बोअरचं पाणी खाली गेलं, नॉर्मल हाय. जावई कसाय? नॉर्मल हाय. म्हणजे पितो, पण मारत नाही.

बायकांच्या दुखण्यापाशी मात्र या शब्दानं रंग बदलला. कंबर धरते, अंगावरून जातं, लघवीला आग होते, मोळी उचलली की डोळ्यापुढे अंधारी येते. आधी वनमाला विचारपूस करायची. मग बाया वाढल्या, रकाने वाढले, आणि ती म्हणायला लागली, "नॉर्मल आहे गं." सुरुवातीला त्याचा अर्थ 'काळजी करू नको' असा होता. पुढं पुढं तो 'कुरकुर करू नको' असा झाला, आणि हा बदल कधी झाला ते तिलाही कळलं नाही. बायांना मात्र कळला. त्यांनी सांगायचंच सोडून दिलं.

नर्सिंगच्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंचं एक बोलणं तिला पूर्वी पाठ होतं. त्या म्हणायच्या, "आधी मोज, मग बोल. न मोजताच नॉर्मल म्हणायचं असेल तर नर्स कशाला हवी? जोतिषी चालेल." पोरी खूप हसल्या होत्या. वनमालाही हसली होती.

शिक्का तिनं तीन वर्षांपूर्वी करवून घेतला. जाणाऱ्या टोळ्यांच्या तपासणीत एका दिवसात दीडदीडशे कार्डं भरायची, प्रत्येक कार्डावर शेवटच्या रकान्यात नॉर्मल लिहायचं. लिहून लिहून मनगट आखडायचं. वडवणीच्या बाजारात एक शिक्केवाला बसायचा. त्यानं विचारलं, "नुसतं नॉर्मल? नाव, पद काही नको?" ती म्हणाली, "नुसतं नॉर्मल." खाली तिची आद्याक्षरं तेवढी होती. शिक्का आल्यापासून काम झटपट उरकायला लागलं. बायाही खूश झाल्या, कारण हातानं लिहिलेल्याचा काय भरवसा, शिक्का मारलेलं ते खरं.

गेल्या दसऱ्यानंतरचा तो दिवस तिला मिनिटामिनिटानं आठवत होता.

याच व्हरांड्यात, याच टेबलाशी. शाळेच्या पटांगणात सटवा मुकादमाचे दोन ट्रक उभे होते. चुली, भांडी, शेळ्या, कोंबड्यांच्या पाट्या, सगळं चढवून झालं होतं. ट्रकला नारळ फोडायचा मुहूर्त बाराचा होता आणि साडेअकरा वाजले होते. अठ्ठावीस बाया नीट तपासून झाल्या आणि रबरी फुग्याला चीर गेली. हवा भरली की फुस्स करून निघून जायची. केशर म्हणाली, दवाखान्यातून दुसरं मशीन मागवू, तासभर लागंल. तिकडून सटवानं हॉर्न दाबला तो सोडेचना.

"सिस्टर, उरका की! मुहूर्त टळंल. कार्डाबिगर गाडी हालवू नका म्हणतेत सायब. द्या सिक्के मारून, रोजच्याच बाया हायेत."

वनमालानं फुगा टेबलावर ठेवला. राहिलेली त्रेचाळीस कार्डं पुढं ओढली, आणि एका दमात त्रेचाळीस वेळा लिहिलं, १२०/८०. मग शिक्का उचलला. ठप, ठप, ठप. बाया ओळीनं येत होत्या, कार्ड घेत होत्या, ट्रककडे पळत होत्या.

एक पोर थांबली. एकोणीस-वीस वर्षांची, पाचवा महिना, पहिलटकरीण. म्हणाली, "सिस्टर, डोकं लई ठणकायलंय दोन दिसापासून. पायाला चपला बी होईनात."

वनमालानं मान वर केली नाही. "नॉर्मल आहे गं. पहिलटकरणीला होतंच." ठप.

पोर 'बरं' म्हणाली आणि गेली. वनमालाला तिचा चेहरासुद्धा दिसला नव्हता. फुगलेले पाय तेवढे दिसले होते, टेबलाखालून. हे ती कुणालाच सांगू शकली नाही, नवऱ्यालाही नाही. दिसले होते.

पौषात केशरचा फोन आला. मोहिनीला फडात झटके आले, दातखीळ बसली. आधी लोकांना वाटलं बाहेरचं आहे, म्हणून लिंबू उतरवलं. मग ट्रॅक्टरवर घालून दवाखान्यात नेलं. पोरगी वाचली, लेकरू गेलं. मुलगा होता. वनमाला 'अरेरे' म्हणाली. फोन ठेवला आणि कपाटातून यादीची प्रत काढली. एकतीस नंबर, १२०/८०. बत्तीस, १२०/८०. तेहेतीस, १२०/८०. एवढ्या बायांचं रक्त एका मापाचं असायला त्या काय बाजारातल्या बरण्या होत्या?

त्या दिवसापासून तिनं शिक्का वापरला नाही. पण टाकलाही नाही. पर्सच्या आतल्या कप्प्यात तो पडून होता, आणि चिल्लर काढताना बोटाला लागायचा. सांगावं असं शंभरदा मनात आलं. पण सांगून लेकरू परत येणार होतं का? चौकशी लागली असती, दोन वर्षांवर आलेली रिटायरमेंट लटकली असती, एकोणतीस वर्षांच्या नावाला काळिमा लागला असता. आणि माहीत तरी कुणाला होतं? ती स्वतःला अशी समजावत राहिली आणि समजावणीनं फक्त झोप उडाली. आज मात्र गोष्ट वेगळी होती. तो शिक्का आज एका जित्या पोरीच्या कपाळावर मारला जाणार होता, आणि सकाळी 'माझाच आहे' म्हणून तिनं स्वतःच्या तोंडानं मोकळीक दिली होती.

दुपारी डबा उघडला तसाच बंद केला. सकाळपासून तपासलेल्यांत दोघींचं ब्लडप्रेशर फार वाढलेलं निघालं होतं. दोघीही त्या त्रेचाळीसमधल्याच.

साडेतीनला दवाखान्याची जीप आली. केशरनं मशीन पेटीत भरलं. वनमालानं पेटी तिच्या हातातून काढून घेतली.

"तू जा जीपमध्ये. मी भामाबाईकडं जाऊन येते."

केशरनं तिच्याकडं टक लावून पाहिलं. बाई हुशार होती. फुगा फुटला तेव्हा ती तिथंच होती. "सिस्टर, तुमी काय सांगणार हाव?"

"जे झालं ते."

"मग मी बी येते," केशर म्हणाली. "मी काय बोलले न्हवते तवा."

भामाबाईच्या अंगणात लिंबाच्या सावलीत सतरंजी अंथरली होती. सटवा मुकादम खुर्चीत बसला होता, कारण बैठक कुणाचीही असो, खुर्ची त्याचीच असायची. मोहिनीचा बाप नाथा सतरंजीच्या अगदी कडेला, टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. मोहिनीचा नवरा बजरंग भिंतीला टेकून अंगठ्यानं माती उकरत होता. मोहिनी उंबऱ्याच्या आत होती. तिच्याजवळ बोचकं बांधून ठेवलेलं होतं.

वनमालानं तिचा चेहरा पहिल्यांदा नीट पाहिला. गोल, सावळा, हनुवटीवर गोंदण. खरं तर लहान मुलीचाच चेहरा होता.

"या सिस्टरबाई, या," भामाबाई लगबगीनं उठली. तिला आयता साक्षीदार चालत आल्यासारखं झालं. "बगा मुकादम, खुद सिस्टर आल्यात. इचारा त्यांनाच. कार्ड खरं का खोटं?"

सटवानं कार्ड हातात घेतलं, लांब धरून बघितलं. "सिक्का तर खरा दिसायलाय."

"शिक्का खरा आहे," वनमाला म्हणाली. "तपासणी खोटी आहे."

कुणाला काहीच समजलं नाही. सटवा हसला, काहीतरी थट्टा असेल असं त्याला वाटलं.

वनमाला सतरंजीवर बसली. "भामाबाई, मी हिला तपासलंच नव्हतं. फुगा फुटला होता मशीनचा. हिच्या दंडाला पट्टा बांधलाच नाही मी. आकडा मनानं लिहिला आणि शिक्का मारला. ही म्हणाली होती डोकं ठणकतंय, पाय सुजलेत. मी तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही. तेव्हा मोजलं असतं तर कळलं असतं. मग मी हिला त्या ट्रकमध्ये चढूच दिलं नसतं. ग्रहणानं काही झालेलं नाही. कोयत्यानं पण नाही. हिचं काहीच चुकलेलं नाही. चुकलं ते माझं."

लिंबाची वाळकी पानं सतरंजीवर गळत होती. पहिल्यांदा भामाबाईच बोलली, आणि तिचा आवाज एखाद्या फसवल्या गेलेल्या पोरीसारखा निघाला.

"पण सिक्का व्हता की त्याच्यावर!"

"होता."

"मी पाच म्हैने उशाखाली ठिवलं ते."

वनमालानं पर्स उघडली, शिक्का काढला आणि सतरंजीवर ठेवला. लाकडी मुठीचा, बोटभर लांबीचा. सगळे त्याच्याकडं बघत राहिले. एवढासा होता तो.

सटवानं घसा खाकरला. "सिस्टर, कावून उगंच अंगावर घेता? नोकरीचा मामला हाय. झालं गेलं गंगेला मिळालं. हितली गोष्ट हितंच राहील, बाहेर जाणार न्हाई, जिम्मा माझा."

"जाऊ द्या बाहेर. मी उद्या साहेबांना लिहून देणार आहे. त्रेचाळीस बायांचं लिहून देणार आहे. सटवाभाऊ, घाई तुमची होती, मान्य आहे. पण हात माझा होता."

खुर्ची सटवाला टोचायला लागली असावी, तो जरा सरकून बसला.

"मी बी व्हतो," भिंतीपासून आवाज आला. बजरंगनं मान वर केली नव्हती. "ती रोज सांगायची, डोकं फुटायलंय म्हणून. मीच म्हणलं, कार्डावर नॉर्मल हाय, उठ, मोळ्या राहिल्यात. मला बी त्येच बरं पडत व्हतं."

नाथानं गुडघ्यावरची टोपी उचलली, झटकली, पुन्हा गुडघ्यावर ठेवली. एवढंच त्यानं केलं.

भामाबाई शेवटी हालली. बाई कठोर होती पण खुनशी नव्हती. रीत कळणारी होती. घरी आलेल्या बाईला असं मान खाली घालून बसलेलं तिला बघवेना. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाली, "जाऊ द्या सिस्टरबाई. मनाला लावून घिऊ नका. येवढ्या बायांमदी येकादी राहायचीच. गर्दी, घाई, त्यात मशीन मोडलं. नॉर्मल हाय ते. पोरगी बी राहू द्या आता हितंच. च्या ठिवलाय चुलीवर."

वनमालाला वाटलं, हिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सोळा वर्षं ती गावाला वाटत आलेली वस्तू तिच्याच पदरात परत पडली होती, आणि ती किती थंडगार होती ते आज तिला कळलं. ज्या शब्दानं लेकरू गेलं त्याच शब्दानं तिला माफी मिळत होती. तिला ती घेववेना आणि नाकारताही येईना.

"सिस्टर."

मोहिनी उंबऱ्यात उभी होती. बाप-मुकादमांसमोर ती अशी कधी उभी राहिली नसावी, कारण भामाबाई चमकून बघत राहिली.

"ग्रहणाचं न्हवतं?"

"नव्हतं बाळा."

"मी फकस्त चार ऊस तोडले व्हते त्या दिशी. चंद्र उगवायच्या टायमाला. मला ठावंच न्हवतं. त्याचं न्हवतं?"

"नव्हतं."

"मला वाटलं, तुमाला बघूनच कळतं." मोहिनी सावकाश बोलत होती. "पट्टा बांधावा लागतो हे मला कुठं ठावं? तुमी नॉर्मल म्हणल्या. म्हणून मी डोकं बांधून कामाला जायची. मला वाटायचं, नॉर्मल हाय तरी एवढं दुखतंय, म्हंजी मीच नाजूक हाय. बाकीच्या बाया सोसतेत, मलाच सोसंना."

वनमालाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ते तिनं पुसलं नाही.

"तवा पट्टा बांधला असता तर वाचलं असतं का त्ये?"

हा प्रश्न येणार हे वनमालाला तीन महिन्यांपासून माहीत होतं. खोटं उत्तर द्यायला आता काहीच शिल्लक नव्हतं. "वाचलंच असतं असं मला छातीठोक सांगता येत नाही, मोहिनी. पण वाचवायला वेळ मिळाला असता. तो मी घालवला."

मोहिनीनं मान डोलावली. हिशेब पटल्यासारखी नाही, नुसतीच. मग ती आत वळली, बोचकं उचललं आणि अंगणात बापासमोर आली.

"दादा, चला. मी येते तुमच्यासंगं."

"आगं, राहा म्हणले न्हवं मी?" भामाबाई म्हणाली.

"म्हणल्या की, आत्या. पर मला जायचंय. तुमी धाडायल्या म्हणून न्हाई. माझं डोकं आजून ठणकतंय, मला इलाज करायचाय." ती बजरंगसमोर क्षणभर थांबली. "तुला वाटलं तर न्यायला ये. रिकाम्या हातानं ये, कार्ड घिऊन येऊ नको."

बजरंगचा माती उकरणारा अंगठा थांबला.

मग ती वनमालासमोर सतरंजीवर बसली. बांगड्या वर सारल्या आणि उजवा हात पुढं केला.

"बांधा."

केशरनं पेटी उघडली. वनमालानं पट्टा गुंडाळला. दंडाला नुसतं हाड लागत होतं, पट्टा शेवटच्या पट्टीपर्यंत आवळावा लागला. नळी कानाला लावली, फुगा दाबला. अंगणात कुणी हललं नाही, आत चहा उतू गेला तरी भामाबाई उठली नाही. काटा वर गेला, सावकाश खाली आला. वनमालाच्या कानात त्या पोरीचं रक्त ठक ठक वाजायला लागलं. तिला खात्री वाटेना, तिनं पुन्हा हवा भरली. मग तिसऱ्यांदा.

"मोहिनी, हे बघ बाळा..."

"शब्द नगं." मोहिनी तिच्या तोंडाकडं बघत होती. "किती हाय ते सांगा."

"वर दीडशे. खाली शंभर."

"असायला पायजे किती?"

"एकशे वीस. ऐंशी."

"म्हंजी जास्त हाय."

"जास्त आहे. उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवायचं. गोळी चालू करावी लागेल. मी येते बरोबर."

"तुमी नगं. दादा येतील." हे तिनं रागानं म्हटलं नाही, नीट विचार करून म्हटलं. "दीडशे, शंभर. दीडशे, शंभर," तिनं दोनदा घोकलं.

भामाबाईनं सटवाकडचं कार्ड घेऊन पुढं सरकवलं. "हे घ्या, ह्याच्यावर लिवा."

"कार्ड आत्याला राहू द्या," मोहिनी म्हणाली. "मला हितं लिवा."

तिनं मूठ उघडून तळहात वनमालापुढं धरला. वनमालानं पेन काढलं आणि तिची बोटं आपल्या हातात धरली. कोयत्याच्या मुठीनं तळव्याची कातडी वहाणेइतकी राठ झाली होती, घट्ट्यांवर शाई उमटेना. पहिल्यांदा नुसतीच रेघ ओढली गेली. वनमालानं पेनाचं टोक फुंकरलं आणि तेच आकडे पुन्हा गिरवले, मग जरा दाबून आणखी एकदा, दिसेपर्यंत.